वेसाव्याची पायपेटी

अल्पेशला ‘पायपेटी’ हे नाव मी ठेवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला चांगला माणूस समजायला नको.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. सात बंगल्याला हर्षदचा गेमिंग कॅफे होता. वीस पीसी, एक एसी, तोही अर्धाच थंड करायचा. दर शनिवारी दुपारी आम्ही चौघे तिथे पडीक असायचो. मी असल्फ्याहून मेट्रोनं यायचो. साकीनाक्याच्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आठवडाभर लोकांचे कीबोर्ड पुसायचे आणि शनिवारी स्वतःचा बडवायचा, एवढंच आयुष्य. आमच्या टीमला पाचवा माणूस हवा होता. हर्षद म्हणाला, वेसावे कोळीवाड्यातला एक पोरगा येतो, अल्पेश नाव, जबरदस्त खेळतो.

तो आला तो हातात मासळीची पिशवी घेऊन. पिशवीतून त्यानं टॉवेलात गुंडाळलेला एक कीबोर्ड काढला आणि सरळ जमिनीवर ठेवला. मग चपला काढल्या. तेव्हा आम्ही बघितलं, त्याचा डावा हात कोपराच्या खाली नव्हताच. शर्टाची बाही दुमडून पिन लावलेली. कीबोर्डाची बहुतेक बटणं उपटून टाकलेली, आठच ठेवलेली, आणि त्या आठांवर जाळं तरंगतं ठेवणाऱ्या बोयाचे तुकडे कापून चिकटवलेले. उजव्या हातात माऊस आणि पायाच्या बोटांखाली ती आठ बटणं, असा त्याचा कारभार.

सगळे त्याच्या पायांकडे बघत होते. मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, “अरे वा, नाटक कंपनीची पायपेटी आली! एखादं पद होऊन जाऊ दे.”

सगळे फिदीफिदी हसले. अल्पेशही हसला. मग दोन तासांत त्यानं आम्हा चौघांना एकेक करून असं काही धुतलं की हर्षद काउंटर सोडून बघायला येऊन उभा राहिला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्यानं गेममधलं स्वतःचं नावही ‘पायपेटी’ करून घेतलं. मी म्हटलं, बघा, पोराला आवडलं.

हात कसा गेला ते त्यानं एकदाच सांगितलं. बापाची, हरेश्वरची, बोट होती. आजीच्या नावाची, ‘रत्नप्रभा’. एकोणीस वर्षांचा असताना जाळं ओढायच्या विंचमध्ये दोराबरोबर बाही गेली, बाहीबरोबर हात. हरेश्वरनं विंच थांबवली, पण थांबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर बापानं त्याला बोटीवर घेतलं नाही. किनाऱ्यावर बसून जाळी शिवावी, तर त्याला दोन हात लागतात. राहिली आई, कमळ. ती बाजारात बसायची. तिच्याशेजारी तो मासे मोजून द्यायला बसू लागला, तर पंधरा दिवसांत तिनंच उठवलं. “तू नको बसू रं इथं. गिऱ्हाईक पापलेट सोरून तुजा हात बगतं.”

सख्खी आई असं बोलते म्हणजे वाईट वाटायला हवं होतं ना? अल्पेश म्हणाला, “खरंच बोलली ती. त्या पंधरा दिवसांत आमचा धंदा बसला होता.”

म्हणून मग गेम. तिथे समोरच्याला काय दिसतं? नाव दिसतं आणि नेम दिसतो. तिथे तो लंगडा-लुळा नव्हता, कोणाचा बिचारा नव्हता. आम्ही खेळायचो त्या गेमचं नाव सॉल्टगेट. पाच जणांनी बंदराचा दरवाजा राखायचा, पाच जणांनी बोटींतून येऊन तो फोडायचा. त्यात भरती-ओहोटी असते, आणि ओहोटीत घुसलेली बोट चिखलात रुतते. हे आम्हाला दोन-तीन वर्षं खेळूनही कळलं नव्हतं. अल्पेश पहिल्याच दिवशी कानात ओरडला, “थांबा रे, पाणी उतरतंय.” समोरची अख्खी टीम रुतली आणि आम्ही एकेकाला टिपलं. त्या गेमच्या जिवावर आम्ही मुंबईतल्या चार स्पर्धा मारल्या. बक्षिसाच्या फोटोत तो कायम उजवीकडून दुसरा, डावी बाजू माझ्या किंवा सर्वेशच्या पाठीमागे लपवलेली. ऐन मेमध्येसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट.

सर्वेश हा आमच्यातला सज्जन. मुलुंडला राहतो, बँकेत आहे, कोणाला वाईट बोलत नाही. एक असा लागतो प्रत्येक टीमला, नाहीतर माझ्यासारख्याला आवरणार कोण.

आता आमची एक पद्धत सांगतो, कारण सगळी वाट तिथूनच लागली. सॉल्टगेटमध्ये रोज हजेरी लावावी लागते. एक दिवस चुकलात तर दारूगोळा कमी मिळतो. अल्पेशला सकाळी आईबरोबर बंदरावर जावं लागायचं, लिलाव असायचा. म्हणून आमच्यातला जो कोणी आधी लॉगिन होईल त्यानं अल्पेशची हजेरी लावून टाकायची. म्हणजे त्याचा पासवर्ड आम्हा सगळ्यांना पाठ. रत्नप्रभा, पुढे बोटीचा नंबर. नियमात हे बसत नाही. नियमाप्रमाणे आपलं अकाउंट दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. पण नियम कोण वाचतो? कॅफेत वाढलेल्या पोरांमध्ये पासवर्ड लपवणारा म्हणजे आतल्या गाठीचा.

गेल्या वर्षी जानेवारीत बातमी आली. सॉल्टगेटचा दुसरा भाग येणार, आणि तो पीसीबरोबर कन्सोलवरही येणार. सगळीकडे एकाच दिवशी.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीसी म्हणजे आपला संसार. बटणं कुठली कुठे लावायची, माऊस किती पळवायचा, सर्व्हर कोणाचा, नकाशे कोणी बनवायचे, सगळं आपण ठरवणार. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा. सोफ्यावर लोळायचं, दोन्ही अंगठ्यांनी कंट्रोलरच्या दांड्या हलवायच्या, आणि नेम चुकला तर डबाच हळूच नेम सरळ करून देणार. एकदा का कंपनीला डब्याचं गिऱ्हाईक दिसलं की गेम त्या डब्याच्या मापाने कापतात. मेन्यू दुकानाच्या पाटीएवढे होतात, आपले सर्व्हर बंद होतात, आपले नकाशे बंद होतात. अकरा वर्षं आम्ही या कंपनीला पोसलं होतं. पहिल्या भागात शंभर चुका होत्या, त्या आम्ही शोधून दिल्या होत्या. आणि आता गरज सरो, वैद्य मरो.

त्या शनिवारी कॅफेत मी तासभर तोंड सोडलं होतं. सर्वेश म्हणाला, “अरे, खेळून तर बघू ना आधी.”

“तू बघ. सोफा घे, लोड घे, आणि बायकोला सांग अंगठे चेपून द्यायला.”

 जमिनीवरचा कीबोर्ड टॉवेलात गुंडाळत अल्पेशनं एकच विचारलं. “बटणं बदलता येतील ना पण?”

कोणालाच माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी कंपनीनं व्हिडिओ टाकला, त्यात खाली बारीक अक्षरात होतं की पीसीवरसुद्धा बटणं बदलायची सोय सध्या नाही, आणि चालणं-पळणं कंट्रोलरची दांडी किती वाकवता त्यावर ठरेल. म्हणजे आठ बोये चिकटवलेला कीबोर्ड मासे गुंडाळायच्याही कामाचा नाही. अल्पेशनं तो व्हिडिओ चार वेळा बघितला. “दोन अंगठे पाहिजेत रे,” तो म्हणाला. “माझ्याकडे एकच आहे.”

आम्ही चिडलो होतो आमच्या मानासाठी. त्याचं तसं नव्हतं. दुसरा भाग आला की पहिल्याचे सर्व्हर वर्षभरात बंद होणार होते. मग अल्पेशनं करायचं काय? एवढी एकच जागा होती जिथे तो नुसता चालत नव्हता, पळत होता. हे मला तेव्हा कळत होतं बरं का. कळत नव्हतं असं म्हणून सुटता येणार नाही.

त्यानं कंपनीला मेल लिहिली. चार ओळींची. इंग्रजी तपासायला मला दाखवली. मला एक हात नाही, मी पायांनी खेळतो, असं असं माझं जमिनीवरचं यंत्र आहे, कृपा करून बटणं बदलायची सोय ठेवा. सोबत वहीच्या कागदावर काढलेलं कीबोर्डाचं चित्र.

मी मोठ्यानं वाचून दाखवली, सगळ्या कॅफेला. मग म्हटलं, “असं हात जोडून लिहितात काय? आणि तुला तर धड हात जोडतापण येत नाहीत!”

सगळा कॅफे खो-खो हसला. अल्पेशनं माझ्या हातातून फोन काढून घेतला, एक स्पेलिंग बरोबर केलं आणि मेल पाठवून दिली. हसला तो, पण जरा उशिरा.

माझ्या मते विनंत्या करून काही होत नसतं. यांना लाथ घालावी लागते. मी मोहीम काढली. रोज शंभर पोरं कंपनीच्या फोरमवर शिव्या घालतील अशी व्यवस्था केली. आणि एका शनिवारी अल्पेश खेळण्यात गुंग असताना त्याचा फोटो काढला. उकडत होतं म्हणून त्यानं बाही वर सरकवली होती; तो उघडा खुंट बरोबर मध्यभागी येईल असा काढला. खाली लिहिलं, ‘डब्याच्या धंद्यासाठी याचा उरलेला हातही कापणार.’ दोन दिवसांत फोटो कुठल्या कुठे गेला. मी खूश. काय झकास काम केलं म्हणून हर्षदकडून फुकट चहा प्यायलो.

तिसऱ्या दिवशी कमळ कॅफेत आली. बाजारातून उठून तशीच, कमरेला ओचा खोचलेला. एका गिऱ्हाइकानं तिला मोबाईलवर तो फोटो दाखवला होता, हा तुमचाच ना म्हणून. ती मला शोधत आली होती आणि बरोबर माझ्यासमोर उभी राहिली. “धा वर्सं माजा सोकरा बाही खाली घेऊन फिरतंय,” ती म्हणाली. “मना पन बगू देत नाय तो हात. आनि तू दुनियेला दाखवलास?”

“मावशी, त्याच्याच भल्यासाठी...”

“थू तुज्या भल्यावर,” म्हणाली आणि गेली.

अल्पेश नंतर आला. ओरडला नाही, काही नाही. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच ना?” एवढंच बोलला. मी म्हटलं, अरे यार, तुझ्यासाठीच केलं. तो म्हणाला, “माझ्यासाठी असतं तर मला विचारलं असतंस.”

फोटो मी काढून टाकला नाही. चांगला चालला होता.

एप्रिलपासून अल्पेश शनिवारी येईनासा झाला. फोन केला तर म्हणायचा, काम आहे. कसलं काम? सांगत नव्हता. मला वाटलं फोटोवरून रुसलाय. बसेल आठवडाभर आणि येईल. त्याची हजेरी मात्र आम्ही लावत होतो. आणि मेच्या एका शनिवारी दुपारी हजेरी लावायला मी त्याच्या अकाउंटवर गेलो तर गेमच्या यादीत एकाऐवजी दोन नावं. सॉल्टगेट. खाली सॉल्टगेट दोन, चाचणीची प्रत. आणि त्याच्याखाली लिहिलेलं की हे कंट्रोलरवर खेळलं जात आहे.

माझं डोकंच फिरलं. आम्ही इथे रोज यांच्या नावानं बोंबलतोय आणि हा गुपचूप डब्याचा कंट्रोलर घेऊन त्यांच्यासाठी खेळतोय! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय. माझ्या शेजारी सर्वेश बसला होता. तो म्हणाला, “आधी त्याला फोन कर.” मी नाही केला. फोन केला असता तर कदाचित त्यानं काहीतरी सांगितलं असतं आणि माझा राग उतरला असता. मला तो उतरवायचा नव्हता.

मी ती प्रत उघडली. सुरुवातीला पांढऱ्या पडद्यावर लांबलचक मजकूर आला, गुप्ततेबद्दल काहीतरी होतं. मी कधी वाचलंय? ओके दाबलं. कॅफेतला एक कंट्रोलर जोडून दहा मिनिटं खेळलो, मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि कंपनीच्या फोरमवर टाकला. त्याच्याच अकाउंटवरून, कारण तेच उघडं होतं. वर लिहिलं की आम्हाला खेळणी पाठवून विकत घेता काय, आणि लुळ्या-पांगळ्यांना पुढे करून धंदा करायला लाज वाटत नाही काय. अर्धं इंग्रजी, अर्ध्या अस्सल मराठी शिव्या. सर्वेश म्हणाला, “अरे, कुणाच्या नावावरून टाकलंस बघितलंस का?”

“ज्यानं फितुरी केली त्याच्या.”

मेट्रोनं असल्फ्याला पोचेपर्यंत सगळं पुसलं गेलं होतं. व्हिडिओ गेला, मजकूर गेला, आणि ‘पायपेटी’ हे अकाउंटही गेलं. कायमची बंदी. घरी गेलो, आईनं कुळथाची पिठी केली होती, दोन वाट्या ओरपली आणि छान झोपलो.

खरं काय होतं ते आठवड्यानं सर्वेशकडून कळलं. तो वेसाव्याला जाऊन अल्पेशला भेटून आला होता. ती चार ओळींची मेल, जी मी कॅफेभर वाचून हसलो, ती कंपनीत कुणीतरी वाचली होती. शिव्या शंभर जणांनी घातल्या त्या कोणी वाचल्या नाहीत, विनंती मात्र वाचली. आणि गंमत बघा, गेम डब्यावर जाणार म्हणूनच वाचली. डब्यावर जायचं तर दोन अंगठे नसलेल्यांचं काय करायचं, हे त्यांना पहिल्यांदाच ठरवावं लागत होतं. पीसीवर अकरा वर्षं कोणी विचारलं नव्हतं. अल्पेशनं बोये कापून आपलं आपण भागवलं होतं. आता त्यांनी त्याला एक पांढरी पाटी पाठवली होती, भोकं-भोकं असलेली. त्या भोकांत पायाची बटणं जोडायची, हवी तशी लावायची. सहा आठवडे खेळून काय जमतं, काय नाही ते लिहून द्यायचं. अख्ख्या जगातून तिघे निवडले होते. कोणाला सांगायचं नाही अशी सही घेतली होती, म्हणून तो गप्प होता. काम आवडलं तर घरबसल्या कायमची नोकरी देऊ म्हणाले होते.

हात गेल्यापासून कोणी त्याला कशाला बोलावलं नव्हतं. बापानं बोटीवरून उतरवलं, आईनं बाजारातून उठवलं. यांनी त्याला बोलावलं होतं ते त्या नसलेल्या हातासाठी.

त्याच्या कीबोर्डाच्या चित्रावरून गेममध्ये एक मांडणी बनणार होती, एका हाताच्या कोणालाही वापरता येईल अशी. तिला नाव काय देऊ म्हणून त्यांनी त्याला विचारलं होतं. त्यानं सांगितलं होतं, पायपेटी.

सर्वेश हे सांगताना रडला. मला रडू आलं नाही. मी म्हटलं, “मला काय स्वप्न पडलं होतं काय? सांगायचं ना त्यानं.” आणि मग सर्वेशनं माझ्याशी बोलणं सोडलं, ते आजपर्यंत.

नोव्हेंबरमध्ये सॉल्टगेट दोन आला. पहिल्याच दिवशी मी घेतला. न घेऊन सांगतो कोणाला? चांगला झालाय. मेन्यू जरा मोठे आहेत, पण चार दिवसांत सवय होते. आम्ही ज्या ज्या गोष्टींच्या भीतीनं ऊर बडवला त्यातल्या निम्म्या झाल्याच नाहीत. एका हाताची मांडणी मात्र त्यात नाही. ‘पुढे कधीतरी’ अशी यादीत आहे. बटणं दोन-चारच बदलतात, चालायला दांडीच लागते. हर्षदनंही विसातले दहा पीसी काढून डबे लावलेत आणि सोफे आणलेत. खरं सांगू? सोफा वाईट नाही.

या फेब्रुवारीत मी वेसाव्याला गेलो. का गेलो? सर्वेशनं बोलणं टाकलं, टीम फुटली, शनिवारी एकट्यानं बसायचा कंटाळा आला, म्हणून गेलो. भर दुपारची वेळ. काठ्यांवर बोंबील वाळत होते, खाली ताडपत्रीवर जवळा पसरला होता. कमळ पाखडत बसली होती. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक पांढरी पाटी ठेवली होती, भोकं-भोकं असलेली. भोकांत जवळ्याचा चुरा गेला होता. कंपनीनं ती परत मागितलीच नव्हती.

मी पाटीकडे बघतोय हे कमळनं बघितलं. “जड हाय चांगली,” ती म्हणाली. “उरत नाय.” मला बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

अल्पेश बर्फाच्या कारखान्यातून जेवायला आला. तिथे क्रशरवर असतो. हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. “दोनच बटणं आहेत,” तो म्हणाला. “बदलता येत नाहीत.” अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. लपवायचं बंद केलं होतं म्हणे. सगळ्यांनी बघितलाच आहे.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बोललो. म्हटलं, “मला वाटलं तू फुटलास.”

“माहीत आहे. शिव्या तुझ्याच होत्या, वाचल्या वाचल्या कळलं.” त्यानं खिशातून फोन काढला, अंगठ्यानं सरकवत एक मेल माझ्यापुढे धरली. गेल्या जूनमधली. कंपनीनं लिहिलं होतं, आम्हाला वाटत नाही की हे तुम्ही लिहिलंत. तुमचं अकाउंट कोण वापरत होतं ते कळवा, त्याचं गेममधलं नाव द्या. त्यानं ते मान्य केलं तर बंदी त्याच्यावर येईल, तुमची उठवू आणि तुमचं काम पुन्हा सुरू करता येईल. आम्हाला तुमची मांडणी अजून हवी आहे.

मी दोनदा वाचली. “मग तू उत्तर नाही दिलंस?”

“तुझं नाव द्यावं लागलं असतं.”

“मग द्यायचं ना!”

अल्पेशनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, कीवही नव्हती त्यात. ओहोटी किती झाली ते बघतात तसं. “तुझं अकरा वर्षांचं अकाउंट गेलं असतं,” तो म्हणाला. “तुझ्याकडे दुसरं आहे काय?”

आता ऐका, मला तेव्हा काय वाटलं ते. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. अकाउंट वाचलं, हा पहिला विचार. आठ हजार तासांचं अकाउंट आहे ते.

तो म्हणाला, “मी सांगणार नाही. कोळीवाड्यात एकाच्या बोटीत जेवलेला माणूस त्याचं नाव पुढे करत नाही. तू सांग. एक ओळ लिही, मी केलं म्हणून. त्यांचं अजून विचारणं चालू आहे, गेल्या महिन्यातपण मेल आली.”

“हो, हो,” मी म्हटलं. “आज घरी गेल्या गेल्या टाकतो.”

त्यानं तिथल्या तिथे ती मेल माझ्याकडे धाडली. माझ्या खिशात फोन वाजला. कमळनं पाखडायचं थांबवून एकदा वर बघितलं आणि परत सूप हलवायला लागली.

ती ओळ मी त्याच दिवशी लिहिली. मेट्रोत बसल्या बसल्याच लिहिली. मी प्रितम, ते मी केलं, अल्पेशला काही माहीत नव्हतं, माझं गेममधलं नाव अमुक. स्पेलिंग तपासलं. असल्फा आलं, उतरलो, म्हटलं जेवून पाठवू.

आज जुलै चालू आहे. बोटी किनाऱ्यावर आहेत, नारळी पौर्णिमेनंतर जातील. अल्पेशचा एकदाही फोन आला नाही, विचारायला की टाकलीस का म्हणून. ती ओळ ड्राफ्टमध्ये आहे. रोज उघडून बघतो. तेवढी ती पाठवायच्या ऐवजी मी हे एवढं सगळं लिहून काढलं.

काल शनिवार होता. मी चार तास खेळलो, दोन्ही हातांनी.